प्रोसेसरचे दोनच कोर (काम करणारे भाग) ९८ अंशांवर, बाकीचे ८० वर. का?

प्रश्न: आठ कोरचा प्रोसेसर. पूर्ण लोडला क्लॉक (वेग) ४.७ वरून ३.९ गिगाहर्ट्झवर घसरतो. थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमध्ये उष्णता वाहून नेणारा थर) नवीन आहे.

उत्तर १: पाच-सात अंशांचा फरक चालतो, मधल्या कोरना शेजाऱ्यांची धग लागतेच. अठरा म्हणजे बहुतेक कूलर तिरका बसलाय. काढून पेस्टचा ठसा बघा, एका कोपऱ्यात थर जाड दिसेल. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मटाराएवढी नवी पेस्ट लावा, स्क्रू तिरक्या समोरासमोरचे, आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळा.

उत्तर २: आणि कूलरच्या तळाची प्लास्टिक फिल्म काढलीय ना? हसू नका, राहते ती.

उत्तर ३: मग बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्होल्टेज ऑफसेट, म्हणजे प्रोसेसरचं व्होल्टेज थोडं कमी करणं, उणे ३० मिलिव्होल्टपासून सुरू करा. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने बदलते, म्हणून थोडक्यातही फरक पडतो. लोड टेस्ट पास झाली तरी संगणक रिकामा असताना हँग होऊ शकतो, तेही तपासा.