मोटरसायकल आणि मानेचे दुखणे: पट्टा, हेल्मेट आणि हाताला येणाऱ्या मुंग्या

प्रश्न (वाघोलीचा_स्वार)

नमस्कार. माझे वय 44 असून गेली 6 वर्षे मी वाघोलीहून रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत मोटरसायकलने जातो. जाऊन-येऊन रोज सुमारे 70 किलोमीटर होतात आणि नगर रस्त्यावरच्या वाहतुकीमुळे त्याला किती वेळ लागतो, हे त्या रस्त्याने जाणाऱ्यांना सांगायला नको. गाडी 150 सीसीची, स्पोर्ट पद्धतीची आहे. हँडल खाली असल्यामुळे पुढे वाकून बसावे लागते.

दिवाळीनंतर मान दुखू लागली. सुरुवातीला संध्याकाळी घरी आल्यावर मान आखडलेली असे आणि सकाळपर्यंत मोकळी होई. पुढे उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत कळ जाऊ लागली, आणि गेल्या महिन्यापासून उजव्या हाताचा अंगठा व त्याशेजारचे बोट यांना मुंग्या येतात. एक्स-रेमध्ये मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधील अंतर कमी झाल्याचे, म्हणजे झीज असल्याचे दिसले. डॉक्टरांनी 5 दिवसांच्या गोळ्या आणि मानेचा पट्टा दिला. पट्टा लावला की बरे वाटते म्हणून मी तो 3 आठवडे रोज 6-7 तास लावतो आहे, परंतु आता तो काढला की डोक्याचे ओझे मानेला पेलवत नाही असे वाटते.

माझे हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचे, 1.6 किलो वजनाचे आहे. कामावरचे सहकारी म्हणतात, सगळा त्रास त्याचाच आहे, हाफ हेल्मेट घ्या. शेजाऱ्यांनी त्यांच्या ओळखीच्या न्हाव्याकडून एका झटक्यात मान मोकळी करून घेण्याचा सल्ला दिला आहे. घरी तर गाडी विकण्याचा विषय रोज जेवताना निघतो. गाडी सोडणे खरोखर आवश्यक आहे का, आणि नसेल तर नेमके काय बदलावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती.

उत्तर 1 (घाटवाट)

आपले वर्णन वाचून 3 वर्षांपूर्वीचा मी आठवलो. मला पूर्ण बरे व्हायला जवळजवळ 5 महिने लागले आणि आज मी पुन्हा आठवड्याला 200 किलोमीटरच्या आसपास गाडी चालवतो, त्यामुळे विक्रीची जाहिरात तूर्तास देऊ नये.

मीही सर्व दोष हेल्मेटला दिला होता. प्रत्यक्षात मानेला दिवसभर कुठे कुठे ताण पडतो याची मी आठवडाभर वहीत नोंद केली, तेव्हा गाडीवरचे दोन तास हा हिशेबाचा लहान भाग निघाला. चाळिशीनंतर मी एकाच काचेत दूरचा आणि जवळचा नंबर असलेला चष्मा घेतला होता. त्यातून संगणकाचा पडदा वाचायचा तर काचेच्या खालच्या भागातून पाहावे लागते, म्हणून मी नकळत हनुवटी वर करून, मान मागे मोडून 8 तास बसत होतो. पुढे वाकलेल्या गाडीवर रस्ता पाहण्यासाठीही हनुवटी वरच करावी लागते. म्हणजे मानेचा तोच भाग सकाळी गाडीवर, दुपारी टेबलावर आणि पुन्हा संध्याकाळी गाडीवर दाबला जात होता. संगणकासाठी वेगळा चष्मा करून पडदा चार बोटे खाली आणला, तेव्हा महिन्याभरात संध्याकाळची कळ निम्म्यावर आली.

दुसरी गोष्ट आरशांची. आपल्याकडे आरसे आत दुमडून ठेवण्याची विचित्र पद्धत आहे. मीही त्यातलाच होतो. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे पुढच्या वाहनाला ओलांडताना दर वेळी उजवीकडे मागे वळून पाहावे लागते, आणि हनुवटी वर असताना मान उजवीकडे वळवली की माझी कळ नेमकी हातात उतरत असे. आरसे बाहेर काढून नीट लावल्यावर मागचे बहुतेक सारे त्यांतच दिसू लागले आणि मान पूर्वीच्या अर्ध्यानेही वळवावी लागेना. शेवटची नजर आजही मी मान वळवूनच टाकतो, कारण आरशात न दिसणारा कोपरा राहतोच.

पाठीवरची सॅकही उतरवा. माझ्या सॅकेत लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली आणि रेनकोट मिळून 7 किलो भरले होते. आता ते सारे मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेल्या बॅगेत असते.

उत्तर 2 (फिजिओ_कोल्हापूर)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तपासणीची जागा लेखी सल्ला घेऊ शकत नाही, परंतु काही गोष्टी स्पष्ट सांगणे गरजेचे वाटते.

प्रथम मुंग्यांविषयी. अंगठा व त्याशेजारचे बोट हा मानेतल्या सहाव्या मज्जामुळाचा (मज्जारज्जूतून फुटणाऱ्या नसेच्या मुळाचा) प्रदेश आहे आणि ते मूळ आपल्या एक्स-रेत उल्लेख असलेल्या पाचव्या-सहाव्या मणक्यांच्या मधूनच बाहेर पडते, त्यामुळे दोन्हींचा मेळ बसतो. तरीही तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये, कारण मनगटात नस दाबली गेल्यासही याच बोटांना मुंग्या येतात आणि थ्रॉटलची (वेग वाढवण्याची) मूठ तासन्‌तास आवळून धरणाऱ्यांत तीही शक्यता असते. रात्री मुंग्यांनी जाग येऊन हात झटकल्यावर बरे वाटत असेल तर मनगटाकडे पाहावे. वर पाहिल्यावर मुंग्या वाढत असतील आणि हात डोक्यावर ठेवल्यावर कमी होत असतील तर मानेकडे. प्रत्यक्ष तपासणीत हा फरक बहुतेक वेळा लक्षात येतो.

हाताची पकड सैल होऊन वस्तू निसटणे, शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळणे, चालताना तोल जाणे, लघवी किंवा शौचावरचे नियंत्रण कमी होणे यांपैकी काहीही आढळले, तर हे सारे वाचन बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. त्या वेळी प्रश्न मज्जारज्जूवरच्या दाबाचा असू शकतो. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे, ताप आणि विनाकारण घटणारे वजन यांनाही हेच लागू आहे.

असे काही नसेल तर धीर धरावा. ‘झीज’ हा शब्द कानाला फार भयंकर वाटतो, पण चाळिशी ओलांडलेल्या आणि मान कधीही न दुखलेल्या अनेकांच्या एक्स-रेतही ती दिसते. केसांच्या पांढरेपणासारखीच ती वयाबरोबर येते. नस दाबली गेल्याने हातात येणारी कळही बहुसंख्य रुग्णांत शस्त्रक्रियेशिवाय काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरते.

पट्ट्याचा उपयोग तीव्र वेदनेच्या पहिल्या काही दिवसांपुरता असतो. 3 आठवडे रोज 6-7 तास लावल्याने मानेच्या स्नायूंना कामच उरले नाही, आणि डोके पेलवत नाही असे आपल्याला वाटते ते त्यामुळेच असावे. मोठ्या माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलोचे असते आणि ते सावरण्याचे काम स्नायूंचेच आहे. डॉक्टरांना विचारून पट्टा रोज तासाभराने कमी करत बंद करावा आणि तो लावून गाडी तर मुळीच चालवू नये, कारण त्यात मान वळत नाही.

व्यायामांत सुरुवात हनुवटी मागे घेण्यापासून करावी. भिंतीला पाठ टेकून उभे राहावे, नजर समोर ठेवावी, हनुवटी वर-खाली न करता सरळ मागे ओढावी, 5 सेकंद थांबून सोडावी. असे 10 वेळा, दिवसातून तीनदा. हातातली कळ वाढली तर थांबावे. ती बोटांकडून वर खांद्याकडे सरकू लागली तर ते चांगले लक्षण समजावे. पुढे तळहाताचा विरोध घेऊन मान चारही दिशांना न हलवता दाबणे आणि रबरी पट्टा ओढून दोन्ही फरे एकमेकांकडे आणणे हे व्यायाम येतात. हे दुसरे काम रायडर मंडळी टाळतात, पण खांदे कानांपर्यंत चढवून गाडी चालवणाऱ्यांना सर्वाधिक लाभ त्याचाच होतो, असे मी पाहिले आहे.

न्हाव्याच्या झटक्याविषयी माझे मत ठाम आहे. मणक्यांच्या छिद्रांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला अशा झटक्याने क्वचित का होईना इजा होते, आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. आपल्या हातात आधीच मुंग्या असताना तर हा विचारही करू नये.

उत्तर 3 (स्पॅनर_सातारा)

माझे गॅरेज आहे, म्हणून मी मानेविषयी न बोलता गाडीविषयी बोलतो.

हाफ हेल्मेट घेऊ नका. वजन थोडे कमी होईल, पण जबडा उघडा राहील, आणि सैल बसणारे हलके हेल्मेट वाऱ्याने उचलले जाऊन मानेला अधिक ओढते. भुवयांच्या वरून डोक्याचा घेर टेपने मोजा, त्या मापाचे आयएसआय खुणेचे पूर्ण हेल्मेट घ्या आणि गालाच्या गाद्या घट्ट आहेत ना ते पाहा. पुढे चोच असलेले हेल्मेट महामार्गावर वारा पकडते. मान वळवली की ते झटका देते. काचेवर ओरखडे पडले असतील तर ती बदला, कारण रात्री समोरच्या दिव्यांचा उजेड पसरलेला दिसू लागला की माणूस न कळत डोके पुढे काढून पाहतो.

एक गोष्ट ऐकून आश्चर्य वाटेल. काही गाड्यांवर पुढची लहान काच वारा अडवण्याऐवजी तो घुसळून थेट हेल्मेटवर आणून सोडते. माझ्या एका गिऱ्हाइकाची मान ती काच काढून टाकल्यावर शांत झाली. मोकळ्या रस्त्यावर 60-70 च्या वेगाने एकदा काच लावून आणि एकदा काढून पाहा. डोके कधी जास्त थरथरते ते लगेच समजेल.

आपल्या गाडीचे हँडल खाली असल्याने शरीराचा भार मनगटांवर येतो, मग खांदे वर चढतात. ते उंच करण्याचे रायझर काही मॉडेलना बसतात, पण बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून क्लचची आणि थ्रॉटलची केबल ताणली जात नाही ना, ब्रेकची नळी ओढली जात नाही ना, हे पाहिल्याशिवाय गॅरेजमधून बाहेर पडू नका. थ्रॉटलची केबल ताणली तर वळताना इंजिनाचा वेग आपोआप वाढतो. तोपर्यंत गुडघ्यांनी टाकी धरून बसा, म्हणजे भार हातांवरून मांड्यांवर येईल. ब्रेक-क्लचचे लिव्हर इतके खाली करा की हात मुठीवर ठेवल्यावर बोटे आणि कोपरापासूनचा हात एका सरळ रेषेत येतील.

चाकांत हवा भरणारा मुलगा सवयीने जास्त भरतो. गाडीवरच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढीच, टायर थंड असताना भरा. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळते ते बेअरिंग, गेला असेल तर प्रत्येक गतिरोधक थेट मानेपर्यंत पोहोचतो. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश वळवा, मध्यावर अडकल्यासारखे वाटले तर तो बदलायला झाला आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर, 10 आठवड्यांनंतर (वाघोलीचा_स्वार)

सर्वांचे आभार. तपासणीत मुंग्या मानेमुळेच येत असल्याचे निष्पन्न झाले, स्नायूंची ताकद मात्र शाबूत होती, त्यामुळे एमआरआय तूर्त करू नये असे ठरले. पट्टा 8 दिवसांत सुटला. पहिले 3 आठवडे गाडी बंद ठेवून कंपनीच्या बसने गेलो, त्यानंतर आठवड्यातून दोन दिवस गाडी आणि वाटेत शिक्रापूरला 5 मिनिटांचा थांबा, असा क्रम ठेवला. आता चार दिवस गाडीने जातो. मुंग्या गेल्या, फऱ्याजवळची कळ कधीतरी शुक्रवारी संध्याकाळी डोके वर काढते. घाटवाट यांच्या सांगण्यावरून नोंद ठेवली तेव्हा मुख्य दोषी रात्री अंथरुणात दोन उशा घेऊन पाहिला जाणारा मोबाइल निघाला, हे घरी सांगताना थोडी लाज वाटली. हेल्मेट तेच आहे, फक्त गालाच्या नव्या गाद्या घातल्या. मेमध्ये ताम्हिणी घाटाने कोकणात उतरावे असे मनात आहे. घाई होईल का?

फिजिओ_कोल्हापूर: आधी सलग 100 किलोमीटर करून दुसऱ्या दिवशी सकाळी मान कशी आहे ते पाहा. दुखणे एका रात्रीत उतरले तर जा, पण मुक्काम एकाऐवजी दोन ठेवा आणि दर 45 मिनिटांनी हेल्मेट काढून उतरा.

स्पॅनर_सातारा: आणि निघण्यापूर्वी कोनसेट दाखवा. तुम्ही त्याविषयी काहीच लिहिलेले नाही.