शब्दचर्चा : 'राजाची शांतता' की 'राजाचं अभय'?

प्रश्न

इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीच्या (११५४–११८९) न्यायसुधारणांवर मराठीत लेख लिहितो आहे. 'किंग्ज पीस' (राजानं दिलेलं संरक्षण) या संज्ञेपाशी गाडी अडली. 'राजाची शांतता' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच बोध होत नाही. 'फेलनी' (गंभीर गुन्हा) आणि 'ज्युरी' हे शब्द तसेच ठेवावेत का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

बाराव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या काळासाठी बेलाशक 'अभय' लिहा. राजानं दिलेलं हे संरक्षण तेव्हा सरसकट नव्हतं. ते ठराविक माणसांना, ठराविक सणांना, ठराविक वाटांना मिळे. वॉटलिंग स्ट्रीट, अर्मिन स्ट्रीट, फॉस वे आणि इकनील्ड वे या चार मोठ्या रस्त्यांवरचा वाटसरू राजाच्या अभयात असे. राजाचा मुक्काम असेल तिथल्या दारापासून अभयाची हद्द कुठवर, याचं एक जुनं मोजमाप आहे. तीन मैल आणि तीन फर्लांगांनी सुरुवात होते, मग फूट येतात, मग मुठी, आणि शेवटी नऊ जवाचे दाणे. इतक्या बारकाईनं मोजणाऱ्यांना हद्दीची फिकीर होती. हद्दीच्या आत रक्त सांडलं तर तो राजाचा अवमान. बाहेर सांडलं तर बहुतेक वेळा मेलेल्याच्या भाऊबंदांनी भरपाई मागायची आणि स्थानिक दरबारात तंटा तोडायचा.

आपल्या जुन्या कागदांत 'कौल' आणि 'अभयपत्र' येतात. परागंदा झालेल्या रयतेला परत बोलवायचं तर सरकार कौल देई, आणि देणारा कोण व घेणारा कोण हे त्यात स्पष्ट असे. 'किंग्ज पीस'चा मूळ स्वभाव याच जातीचा. म्हणून तर डिसेंबर ११३५ मध्ये पहिला हेन्री वारला तेव्हा त्याच्याबरोबर त्याचं अभयही संपलं, आणि लोकांनी एकमेकांना लुटायला सुरुवात केल्याचं तिथल्या बखरीत नोंदवलं आहे. पुढं गादीवर आलेल्या स्टीफनच्या कारकिर्दीत यादवी माजली. दुसऱ्या हेन्रीच्या हाती आलं ते हे राज्य.

१२७२ मध्ये चित्र पालटलेलं दिसतं. तिसरा हेन्री वारला तेव्हा त्याचा मुलगा एडवर्ड धर्मयुद्धावरून परतीच्या वाटेवर होता. राज्याभिषेक थेट १२७४ मध्ये झाला. तरीही बाप गेल्यावर काही दिवसांतच एडवर्डच्या नावानं द्वाही फिरली, म्हणजे राजाबरोबर संपणारं अभय आता राहिलं नव्हतं. या टप्प्यापासून 'राजशांतता' लिहायला हरकत नाही. एकाच लेखात दोन शब्द आले तर येऊ द्या, कारण मधल्या शतकभरात जे घडलं तोच तुमच्या लेखाचा विषय आहे.

आता 'ज्युरी'. इथं फार जपून. ११६६ मध्ये सॉल्झबरीजवळच्या क्लॅरेंडनच्या शिकारवाड्यात हेन्रीनं जो हुकूम काढला, त्यानुसार दर हंड्रेडमधून (म्हणजे आपल्याकडच्या तर्फेसारखा विभाग) बारा विश्वासू माणसं आणि दर गावातून चौघं शपथेवर बोलवायची. हेन्री गादीवर आल्यापासून आपल्या भागात दरोडेखोर, खुनी, चोर किंवा त्यांना थारा देणारे म्हणून कोणाकोणाचा बोभाटा आहे, ते त्यांनी सांगायचं. एवढंच त्यांचं काम. निवाडा त्यांच्याकडे नव्हता. त्यामुळे 'पंच' नको, पंच म्हटलं की आपल्याला निवाडा करणारे किंवा पंचनाम्यावर सही करणारे दिसतात. 'शपथेचे बारा जण' असं साधं लिहा.

निवाडा देवावर सोपवलेला. त्यासाठी मराठीत शब्द तयारच आहे : दिव्य. पुरोहितानं मंत्रवलेल्या पाण्यात आरोपीला बांधून सोडायचं, बुडला तर निर्दोष, तरंगला तर दोषी. दोषी ठरला तर पाय तोडत. ११७६ च्या नॉर्थॅम्प्टनच्या हुकुमानं उजवा हातही तोडायचा ठरवलं. मला सगळ्यात खटकतं ते क्लॅरेंडनच्या हुकुमातलं आणखी एक कलम. जो दिव्यातून सुटला पण ज्याची ख्याती वाईट आहे, त्यानंही आठ दिवसांत देश सोडायचा, वारा प्रतिकूल असेल तरच सवलत. देवानं निर्दोष ठरवलं तरी गावाचं तोंड राजाला जास्त भरवशाचं वाटत होतं.

दुसरा प्रतिसाद

'दिव्य' योग्यच, पण एक तळटीप द्यावी. आपल्याकडचं रवादिव्य म्हणजे कढत तेला-तुपातून धातूचा तुकडा काढणं. ते बरेचदा वतनाच्या आणि शिवेच्या तंट्यांत होई. क्लॅरेंडननंतरचं इंग्लंडमधलं दिव्य मुख्यतः फौजदारी. शिवाय १२१५ च्या रोममधल्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेनं पुरोहितांना दिव्याला आशीर्वाद द्यायची मनाई केली आणि तिथली दिव्यं बंद पडली. निवाडा करणारी ज्युरी त्यानंतर हळूहळू आली. ती पोकळी भरायला दुसरं काही हाताशी नव्हतं.

आणि 'फेलनी'ला कोशांत 'महापराध' दिसतो, तो का नको?

पहिल्याचंच उत्तर

तळटीप अवश्य द्यावी. 'महापराध'मधून गुन्हा मोठा होता एवढंच कळतं, मालमत्तेचं काय झालं ते सुटतं. सरंजामी कायद्यात फेलनी म्हणजे धन्याशी केलेली बेइमानी, आपला नेमका शब्द 'स्वामिद्रोह'. शिक्षा म्हणून जमीन धन्याकडे परत जाई. पुढं खून, दरोडा, चोरीलाही हाच शब्द लागला. जमीन धन्याकडे गेली तरी आधी एक वर्ष आणि एक दिवस ती राजाच्या ताब्यात राही, आणि गुरंढोरं, भांडीकुंडी, धान्य असं सगळं राजाच्या खजिन्यात जमा. ज्याच्या घरी खून झाला त्याच्या पदरात काही नाही. जुन्या भरपाईच्या रिवाजापासून केवढी ही फारकत! म्हणून 'फेलनी' देवनागरीत तशीच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथं 'मूळ अर्थ स्वामिद्रोह' असं सांगा.

खजिन्यावरून आठवलं. 'अमर्समेंट'ला (अपराध्यानं राजाला भरायची रक्कम) लोक 'दंड' लिहितात. तो चालतो, पण पेशवाईतल्या जमाखर्चात 'गुन्हेगारी' हा शब्द गुन्ह्याबद्दल वसूल केलेल्या रकमेसाठी येतो. राजाच्या कृपेवर पडलेल्या माणसाकडून घेतलेल्या पैशाला त्याहून जवळचा शब्द मला माहीत नाही. या वसुलीचा जाच इतका होता की १२१५ च्या मॅग्ना कार्टात (सरदारांनी राजाकडून घेतलेल्या सनदेत) त्यावर कलम आलं : दंड अपराधाच्या मानानं असावा, व्यापाऱ्याचा माल आणि कुळाची शेतीची अवजारं त्यातून वगळावीत. आजच्या वाचकाला 'गुन्हेगारी' म्हणजे क्राइम वाटेल, तेव्हा जुना अर्थ सांगूनच वापरा.

प्रश्नकर्ता

फार उपयोग झाला. एक शेवटचं : 'अपील ऑफ फेलनी' म्हणजे वरच्या कोर्टातलं अपील का?

उत्तर

नाही, तिथं 'फिर्याद' लिहा. पीडितानं किंवा मेलेल्याच्या नातलगानं स्वतः नाव घेऊन केलेला आरोप, आणि तो बहुधा द्वंद्वानं सिद्ध करायचा. बायका, साठी उलटलेले आणि लुळेपांगळे यांना लढण्यातून सूट होती. ही वाट कायद्यात फार काळ उघडी राहिली. १८१७ मध्ये मेरी ॲशफर्डच्या खुनातून ज्युरीनं सोडलेल्या अब्राहम थॉर्नटनवर तिच्या भावानं अशीच फिर्याद लावली. थॉर्नटननं लंडनच्या कोर्टात हातमोजा फेकून द्वंद्वाचं आव्हान दिलं, न्यायाधीशांना तो हक्क मान्य करावा लागला, भाऊ लढला नाही आणि थॉर्नटन सुटला. १८१९ मध्ये पार्लमेंटनं फिर्याद आणि द्वंद्व दोन्ही रद्द केलं.