डेमो गाडीची घासाघीस कोणत्या आकड्यापासून सुरू करावी?

नमस्कार. नागपूरला वर्धा रोडवरील एका शोरूममध्ये मला पेट्रोलवर चालणारी एक छोटी गाडी पसंत पडली आहे. ग्राहकांना चालवून पाहण्यासाठी ठेवलेली ही डेमो गाडी असून आठ महिन्यांपूर्वी तिची नोंदणी एमएच-३१ मध्ये शोरूमच्याच नावावर झालेली आहे. ओडोमीटर ६,४०० किलोमीटर दाखवतो. या मॉडेलची आजची एक्स-शोरूम किंमत ९ लाख २० हजार रुपये आहे आणि कर-विम्यासह नवी गाडी पावणेअकरा लाखांना पडते. डेमो गाडीचे ते सर्व मिळून ९ लाख ९० हजार मागत आहेत.

‘गाडी नवीच आहे, पंच्याऐंशी हजार सुटत आहेत’ ही त्यांची मांडणी मला पटत नाही. आरसीवर मी दुसरा मालक ठरणार, आणि पुढे विकताना घेणारा तेवढ्या एका नोंदीवरून भाव पाडणार. वॉरंटी पहिल्या विक्रीच्या तारखेपासून मोजली जाते, म्हणजे तिचेही आठ महिने गेले. किलोमीटर तसे फार नाहीत. पण ते शेकडो अनोळखी हातांनी, शहरातल्या गर्दीत क्लच दाबत झालेले आहेत. शिवाय त्यांनी दिलेल्या पहिल्या कागदावर सवलत जवळपास दुप्पट दिसत होती, कारण ती २२ सप्टेंबर २०२५ रोजी छोट्या गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर येण्याआधीच्या किमतीतून मोजलेली होती. ते दाखवून दिल्यावर कागद मुकाट्याने बदलला गेला.

माझा हिशेब असा आहे. विम्याची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरली जाणारी गाडीची किंमत, काढताना सहा महिन्यांहून जुन्या पण वर्षाच्या आतल्या गाडीवर १५ टक्के घसारा धरतात. तो आजच्या एक्स-शोरूम किमतीतून वजा केला, तर ७ लाख ८२ हजार उरतात. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के एकरकमी वाहन कर लागतो. तो शोरूमने भरलेला असला तरी त्याचा उपयोग यापुढे मलाच होणार असल्याने साधारण एक लाख त्यात मिळवणे मला रास्त वाटते. बेरीज ८ लाख ८३ हजारांपर्यंत जाते. म्हणून ८ लाख ५० हजारांपासून बोलणी सुरू करून ८ लाख ९० हजारांवर थांबावे, असा विचार आहे.

ज्यांनी नागपुरात डेमो गाडी घेतली आहे, त्यांनी कृपया सांगावे की आयडीव्हीवर आधारलेला हा हिशेब शोरूमवाले ऐकून घेतात का, की ‘हा दर विम्यापुरता’ म्हणून उडवून लावतात. रोख रक्कम कमी होत नसेल, तर वाढीव वॉरंटी आणि नाव बदलण्याचा खर्च त्यांच्याकडून घेणे अधिक सोपे जाते का? आणि या गाडीवर आधी विम्याचा दावा झाला होता का, हे शोरूमच्या तोंडी आश्वासनावर न विसंबता सौदा ठरण्यापूर्वी कसे तपासावे?