इंग्रजी अर्जातला 'रिस्पेक्टेड सर' काढावा का?

बोरूबहाद्दर:
ओळखीच्या मुलामुलींचे इंग्रजी अर्ज तपासून देतो. बहुतेकांचा मायना एकच, 'रिस्पेक्टेड सर'. जाहिरातीत बाईंचं नाव छापलेलं असलं तरी 'सर'च! माझं मत ठाम आहे. नाव ठाऊक असेल तर 'डिअर मिझ कुलकर्णी', नसेल तर 'डिअर सर ऑर मॅडम'. 'मिझ' अशासाठी की बाईंचं लग्न झालंय का, ही चौकशी अर्जात नको. 'रिस्पेक्टेड' इंग्लंड-अमेरिकेत मायन्यात लिहीत नाहीत, तेव्हा तिकडच्या विद्यापीठाला तर नकोच.

आवक-जावक:
असहमत. अर्ज वाचणारा नाशकात बसलाय, लंडनमध्ये नाही. मराठी अर्ज 'मा.' लिहिल्याशिवाय पुढे जात नाही, मग इंग्रजीत त्याच साहेबांना 'डिअर'? मुख्याध्यापकांना तसं लिहिताना मुलींना संकोच वाटतो आणि तो मला रास्त वाटतो.

बोरूबहाद्दर:
मायन्यातल्या 'डिअर'मध्ये सलगी नसते हो. बँक हप्ता थकल्याचं कळवते तेही 'डिअर कस्टमर' म्हणूनच.

लेस्टरकर:
इथली, इंग्लंडमधली रीत सांगतो. वर नाव असेल तर खाली 'युअर्स सिन्सिअरली', 'डिअर सर' असेल तर 'युअर्स फेथफुली'. अमेरिकेत व्यावसायिक पत्रात मायन्यापुढे स्वल्पविराम नाही, अपूर्णविराम (:) देतात. पण इथलेही नियम दगडावरची रेघ नाहीत. फ्रेशफील्ड्स या बड्या वकिली फर्मनं २०१६ मध्ये 'डिअर सर्स' बंद केलं, कारण पत्र वाचणाऱ्यांत बायकाही असतात.

काळा कोट:
आपल्याकडेही बदललंय की. बार कौन्सिल या वकिलांच्या संस्थेनं २००६ मध्येच न्यायाधीशांना 'माय लॉर्ड'ऐवजी 'युअर ऑनर' सुचवलं. २०१२ मध्ये राष्ट्रपती भवनानं देशातल्या कार्यक्रमांपुरतं राष्ट्रपतींसाठीचं 'एक्सलन्सी' हे संबोधन सोडलं. पदाचा मान कुठे घटला?

आवक-जावक:
ते वरच्यांनी ठरवलं, म्हणून खपलं. खेड्यातल्या पोरानं 'डिअर मिस्टर पाटील' लिहिलं आणि एखाद्या साहेबाला तो उद्धटपणा वाटला, तर नोकरी त्याची जाते, तुमची-माझी नाही.

बोरूबहाद्दर:
हा मुद्दा वजनदार आहे. इथल्या कचेरीसाठी 'रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम' मी खोडणार नाही. पण परदेशी अर्जात खोडेनच.

आवक-जावक:
परदेशी अर्जाचं मान्य. पण पुण्यात बसून अमेरिकी कंपनीसाठी माणसं घेणाऱ्या मॅनेजरला काय लिहायचं, ते सांगा. आमच्याकडची निम्मी पोरं तिथंच अर्ज करताहेत.