आरव्हीजी आलं, टायमर मात्र फिल्मच्याच वेळेवर: डोस नेमका कशाने कमी होईल?

दाढ_सांगली (प्रश्न):
माझ्या दातांच्या दवाखान्यात भिंतीवरचं इंट्राओरल (तोंडात फिल्म किंवा सेन्सर ठेवून दातांचे एक्स-रे काढायचं) मशीन आहे: ७० केव्ही (किलोव्होल्ट), ७ एमए (मिलीअँपिअर), गोल कोन (झोत बाहेर येतो ती नळी), २० सेंमी. फिल्म बंद करून आरव्हीजी, म्हणजे चित्र थेट कॉम्प्युटरवर दाखवणारा डिजिटल सेन्सर घेतला, पण दाढेसाठी टायमर अजून ०.४० सेकंदावरच आहे. दिवसाला साधारण ३० एक्स-रे होतात. सहायक ताई तीन महिन्यांच्या गरोदर आहेत. लहान मूल असलं की सेन्सर त्याच धरतात, आणि आर्म खाली सरकतो म्हणून कधीकधी ट्यूबहेडसुद्धा (आर्मच्या टोकाचा, किरण सोडणारा डबा). एका बाजूला जिप्समचं पार्टिशन आहे, पलीकडे पेशंट बसतात. नवा लेड एप्रन घेतला की भागेल का?

किरण_मापक:
एप्रनचं नंतर बघू. आधी ताईंचे हात सेन्सरवरून आणि ट्यूबहेडवरून काढा, आजच. सेन्सर धरणाऱ्याची बोटं थेट मूळ झोतात येतात, आणि एप्रन बोटांना झाकत नाही. मुलांसाठी छोटा सेन्सर आणि चावून धरायचा होल्डर वापरा. तरीही मूल धरावंच लागलं तर आई किंवा वडिलांनी, एप्रन घालून, झोताबाहेर राहून डोकं धरायचं. ते काम कर्मचाऱ्याचं नाही, गरोदर कर्मचाऱ्याचं तर मुळीच नाही. आर्म सरकतो तो स्प्रिंगचा ताण सैल झाल्यामुळे. टेक्निशियनकडून घट्ट करून घ्या आणि तोपर्यंत मशीन बंद ठेवा.

आता उभं कुठे राहायचं. स्कॅटर, म्हणजे विखुरलेले किरण, येतात पेशंटच्या डोक्यातून, म्हणून अंतर तिथून मोजा, मशीनपासून नाही. १ मीटरवरून २ मीटरवर गेलं की डोस साधारण चौथाई होतो. झोताच्या दिशेशी ९० ते १३५ अंशांच्या कोनात, म्हणजे बाजूला किंचित मागे, उभं राहा. स्विचची वायर गुंडाळीची असते. ती २ मीटर ताणली जाते खरी, पण ओढ बसते म्हणून माणूस नकळत पुढे सरकतो. लांब वायर लावा किंवा स्विच दाराबाहेर भिंतीवर बसवून घ्या, आणि जमिनीवर रंगीत पट्टी मारा. एवढं पाळलं तर गर्भासाठी जी १ मिलीसिव्हर्टची मर्यादा आहे, तिच्या खूप खाली राहता येतं. टीएलडी बॅज (अंगावर लावायचा डोस मोजणारा बिल्ला) असेल तर एप्रनच्या आत, छातीवर. बॅज फक्त मोजतो, वाचवत नाही.

सेन्सर_सेटिंग:
०.४० सेकंद फार झाले, सेन्सरला फिल्मपेक्षा कमी किरण पुरतात. ७ एमए म्हणजे एका एक्स-रेला २.८ एमएएस (एमए गुणिले सेकंद). दिवसाला ३० आणि आठवड्याचे ६ दिवस धरले तर ५०४ एमएएस. तेच ०.१२ सेकंदावर आणलं तर आठवड्याचे १५१. पेशंटचा आणि ताईंचा, दोघांचाही डोस तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली येतो, एक रुपया खर्च न करता.

वेळ अंदाजाने ठरवू नका. काढलेली दाढ मेणात बसवा, मागे सेन्सर, कोन नेहमीच्या अंतरावर. सॉफ्टवेअरमधला ऑटो कॉन्ट्रास्ट आधी बंद करा, कारण तो जास्तीचं एक्सपोजर झाकून टाकतो आणि चूक दिसतच नाही. मग ०.४०, ०.३२, ०.२५, ०.२०, ०.१६, ०.१२, ०.१० असं उतरत जा. एनॅमल आणि डेंटिनची सीमा रवाळ दिसायला लागली की थांबा आणि एक पायरी वर या. मेणातल्या दाढेभोवती गाल आणि हाड नसतं, म्हणून प्रत्यक्ष तोंडात बहुधा आणखी एक पायरी लागेल. पुढचे दात, वरची दाढ, खालची दाढ, लहान मूल असे वेगवेगळे आकडे लिहून तक्ता स्विचशेजारी चिकटवा.

जे सेन्सरऐवजी पीएसपी प्लेट (स्कॅनरमध्ये घालून वाचायची, पुन्हा वापरता येणारी प्लेट) वापरतात त्यांनी जास्त जपावं. प्लेट जादा एक्सपोजरही निमूट पचवते, चित्र सुंदरच येतं, आणि डोस वर्षानुवर्षं चढत जातो.

किरण_मापक:
यात गोल कोनामुळे वाया जाणारा झोतही धरा. ६ सेंमी व्यासाचा झोत म्हणजे २८ चौ. सेंमी, साधारण ३.५ × ४.५ सेंमीचा आयताकृती कॉलिमेटर (कोनाच्या तोंडावर बसवून झोत अरुंद करणारं झाकण) लावला की १६ चौ. सेंमी. चित्राला उपयोग नसलेला जवळपास ४४ टक्के झोत तिथेच अडतो, स्कॅटर घटतो आणि चित्रही स्वच्छ येतं.

दाढ_सांगली:
कॉलिमेटर एकदा लावून पाहिला होता. फोटोची कड सरळ रेषेत पांढरी कापली जायची, म्हणून काढला.

सेन्सर_सेटिंग:
पांढरा भाग म्हणजे तिथे झोत पोचलाच नाही. पुढच्या दातांना सेन्सर उभा असतो, दाढांना आडवा. कॉलिमेटरही तसाच फिरवावा लागतो. नजरेने जुळवू नका, रिंगवाला होल्डर घ्या आणि कॉलिमेटरची कड रिंगच्या खाचेला टेकवा. जोडणीमुळे कोन लांबला असेल तर वेळ पुन्हा ठरवा: २० चे २३ सेंमी झाले तरी साधारण ३० टक्के जास्त वेळ लागतो.

किरण_मापक:
पार्टिशनचं: जिप्समवर भिस्त ठेवू नका. खुर्ची अशी फिरवा की मूळ झोत बाहेरच्या विटांच्या भिंतीकडे जाईल. उजव्या आणि डाव्या दाढांना झोताची दिशा उलटी होते, त्यामुळे दोन्ही बाजू तपासा. एखादी बाजू पार्टिशनकडेच येत असेल तर तिथे शिशाचा पत्रा किती जाडीचा हवा ते मेडिकल फिजिसिस्टकडून काढून घ्या. मशीन एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) ई-लोरा या ऑनलाइन पोर्टलवर नोंदलेलं आहे ना, आणि दर दोन वर्षांची क्यूए (गुणवत्ता तपासणी) झाली आहे ना, तेही पाहा. टायमरच चुकीचा चालत असेल तर वरचा तक्ता कुचकामी.

एप्रन घ्यायचाच तर ०.२५ मिमी लेडचा, आणि घडी न घालता हँगरवर टांगा. घडीच्या रेषेवर आतलं शिसं तडकतं आणि बाहेरून कळत नाही.