स्टीअरला मराठीत काय म्हणायचं? बैल, वळू, खोंड की आणखी काही?

पानवेल
एका अमेरिकन पुस्तकाचा अनुवाद करतेय. 1860 नंतरचा काळ, टेक्ससमधून कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनपर्यंत हजारो लाँगहॉर्न गुरं पायी हाकत न्यायचे तेव्हाचा. त्यात बुल आणि स्टीअर पानोपानी आहेत. मी सरळ बुल म्हणजे वळू आणि स्टीअर म्हणजे बैल असं धरून साठ पानं केली. परवा बाबांना एक प्रकरण वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "दोन हजार बैल? मग गाड्या किती होत्या?" तिथून अडकलेय. स्टीअर म्हणजे खच्ची केलेला नर, बैल म्हणजेही तोच, मग बाबांना गाड्या का दिसल्या?

गोठ्यातला
ताई, बाबांचं बरोबर आहे. खच्ची केला म्हणून बैल होत नाही, मानेवर जू घेतलं की बैल होतो. आमच्या सांगोल्याकडं खिलार जनावर आधी वासरू, मग गोऱ्हा नाहीतर खोंड. दात बघून आदत, दुसा, चौसा. खोंड दोन दाती चार दाती झाला की डॉक्टरला बोलवायचं. मी सातवीत असताना आमचा कोसा खोंड खच्ची केला ते अजून डोळ्यापुढं आहे. चौघांनी दोरखंडानं आडवा पाडला, चुलत्यांनी मान दाबून धरली, डॉक्टरांनी बर्डिझो चिमटा लावला आणि कट् करून आवाज आला. रक्ताचा थेंब नाही, कातडी फाटत नाही, आतली शीर तेवढी चेपली जाते. नंतर तीन दिवस पाय फाकवून उभा होता, वैरणीला तोंड लावत नव्हता. आजी रोज हळद-तेल लावायची. तरी महिनाभर घरात सगळे त्याला खोंडच म्हणत होते. पुढं म्हाताऱ्या बैलाबरोबर जुंपला, औताला शिकला, तेव्हा आज्यानं पहिल्यांदा "आपला बैल" म्हटलं. तुमचा अमेरिकेतला जन्मात जू बघत नाही, तो बैल कसा?

शुद्धलेखणी
भावना ठीक आहे पण शब्दकोशात बैल म्हणजे खच्ची केलेला नरच. आणि 'खच्ची' तरी का लिहायचं? निर्वृषण किंवा वृषणहीन असा सरळ संस्कृत शब्द करता येतो. अनुवादात भाषेची पातळी राखली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

गोठ्यातला
निर्वृषण जनावर कुठल्या बाजारात मिळतं? खरसुंडीच्या यात्रेत उभं राहून विचारा, कोण उत्तर देतंय बघा. आमच्याकडं खच्ची आणि आंडील, दोन शब्दांत काम होतं.

वऱ्हाडी_पाऊस
आमच्याकडे वळू कोणी म्हणत नाही, सांडच म्हणतात. आणि तो काही हिंदीतून घेतलेला म्हणून हलका शब्द नव्हे. संस्कृतात 'साण्ड' आहे, स अधिक अंड, म्हणजे अंडासकट असलेला. तुमचा आंडील तोच. शुद्धलेखणींना संस्कृत हवं होतं, ते सांडात आहे बघा.
खच्ची मात्र खचण्यावरून आला असणार, जनावर खचतं म्हणून. मानसिक खच्चीकरण आपण म्हणतोच ना.

शुद्धलेखणी
खच्ची हा अरबी 'खसी' वरून आला, हिंदीत खस्सी बोकड म्हणतात तोच. खचण्याशी संबंध नाही.

वऱ्हाडी_पाऊस
असेल, पण ऐकणाऱ्याला खचणंच ऐकू येतं, आणि शब्द शेवटी ऐकणाऱ्याचाच असतो असं मी मानतो.

कृष्णाकाठ
मिरजेच्या पलीकडं आमचे निम्मे पाहुणे कन्नड बोलणारे. त्यांच्यात गूळी म्हणजे वळू, होरी म्हणजे तरणा खोंड, एत्तु म्हणजे कामाचा बैल. तीन वेगळी नावं, कुणाचा गोंधळ होत नाही. आपल्यातही आहेत की वळू, खोंड, बैल. फक्त खाण्यासाठी वाढवलेल्या खच्ची नराला नाव नाही कारण तसं जनावर आपण पाळतच नव्हतो. जे गोठ्यात नाही त्याला शब्द कुठून येणार. इंग्रजीतही औताचा बैल हा ऑक्स, स्टीअर वेगळा.
अजून एक फरक, तिकडं वासरू लहान असतानाच खच्ची करतात, आपल्याकडं अंग भरल्यावर. म्हणून आपल्या बैलाला मान आणि वशिंड राहतं. लाँगहॉर्न स्टीअरची शिंगं तर वळूपेक्षा लांब वाढतात. दोघांना एक शब्द वापरला तर चित्रच चुकेल.

पानवेल
शिंगांचं फार कामाचं आहे, एका ठिकाणी लेखक शिंगांवरूनच कळपातला वळू ओळखतो आणि मला ते कळलंच नव्हतं! मग 'खच्ची खोंड' चालेल का? पण पुस्तकात तो दोनशे वेळा तरी येतो, दर वेळी खच्ची खच्ची वाचवेल का कुणाला?

घाटातला_गडी
शब्दाचा घोळ किती महागात पडतो ते आम्हा बैलगाडावाल्यांना विचारा. 11 जुलै 2011 ला केंद्रानं अधिसूचना काढली, अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या यादीत 'बुल' घातला आणि खेळ करायला बंदी. तेव्हा गावोगाव हीच चर्चा, बुल म्हणजे वळू, आमचा बैल त्यात येतोच कुठं. मे 2014 ला सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या. डिसेंबर 2021 ला पुन्हा परवानगी, मे 2023 ला घटनापीठानं शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा मान्य केला. मधली सात वर्षं शर्यतीचा घाट ओस होता. वडील संध्याकाळी नुसते घाटाच्या तोंडाशी जाऊन बसायचे.

कृष्णाकाठ
दादा, दुःख कळतं. पण खरं सांगायचं तर शर्यतीतले कितीतरी बैल आंडीलच असतात, नाव झालं की गायी भरवायला त्यांनाच मागणी. म्हणजे 'आमचा बैल बुल नव्हे' हे म्हणणं कसं टिकणार होतं?

घाटातला_गडी
असतात, नाही म्हणत नाही. पण आम्ही त्याला वळू म्हणत नाही, शर्यतीचा बैलच म्हणतो. वळू गावात मोकळा फिरतो, दुसऱ्याच्या रानात घुसतो. आमचा दावणीला असतो, खुराक खातो, कासऱ्याला ओळखतो.

गोठ्यातला
हेच तर मी वर म्हणालो! आंडील असून बैल आणि खच्ची असूनही बैल. म्हणजे बैल शब्द अंडावर नाही, दावणीवर आणि कामावर आहे.

शुद्धलेखणी
बोलीत असेल. कायद्यात हा ढिलेपणा चालत नाही. आपल्या राज्याच्या पशुसंरक्षण कायद्यातल्या दुरुस्तीला 2015 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, त्यात बुल आणि बुलक दोन्ही वेगळे लिहिलेत. 2011 च्या यादीत एकच लिहिला म्हणून वाद झाला. नेमका शब्द हवा असा आग्रह धरतो तो यासाठीच.

वऱ्हाडी_पाऊस
गंमत म्हणजे बुलक हा जुन्या इंग्रजीत लहान बुलच होता, खच्ची वगैरे अर्थ नंतर चिकटला. त्यांचेही शब्द सरकलेत.

मांडवीकाठ
गोंयात आमचो पाडो म्हणजे वळू आणि बैल तो बैल. धिरयोत झुंजतो तो पाडो. 1996 ला कोर्टानं धिरयो बंद केली. मराठी पेपरात मात्र नेहमी 'बैलांच्या झुंजी' छापतात, स्पेनच्या बाबतीतही तेच. स्पेनचा तोरो आंडील असतो, उलट पाम्प्लोनाच्या रस्त्यात त्याच्याबरोबर वाट दाखवायला खच्ची बैल पळवतात. बातमीत दोघेही बैल.

पानवेल
सगळं वाचतेय, वहीत लिहूनही घेतेय. पण मला सोमवारी प्रकरण द्यायचंय हो. पहिल्यांदा 'खच्ची खोंड' लिहून पुढे नुसता 'खोंड' ठेवू का? तीन-चार वर्षांच्या जनावराला खोंड म्हटलेलं सांगोल्याला खटकेल का?

कृष्णाकाठ
वळूवरून आठवलं, देवाच्या नावानं डाग देऊन सोडतात त्याला पोळ म्हणतात. पोळा सण त्या पोळावरूनच आला असं आमचे आजोबा सांगायचे.

वऱ्हाडी_पाऊस
पटत नाही. पोळ्याला पुजतात तो राबणारा बैल, पोळ तर कधी जुंपत नाहीत. तुमच्याकडे तर पोळा नसतोच ना, बेंदूर असतो? त्या बेंदूर शब्दाचं काय मूळ आहे, कुणाला माहितीय का?