तेलापेक्षा लंबकाकडे पाहा
जुने भिंतीवरचे घड्याळ उन्हाळ्यात मागे पडते ते तेल सुकल्यामुळे, असे अनेकदा म्हटले जाते; ते मला निम्मेच पटते, कारण तेल केवळ त्या दोन महिन्यांत सुकून थंडीत पुन्हा ओले होत नाही. खरा दोष लंबकाच्या दांडीचा आहे: पोलादी दांडी उष्णतेने किंचित लांबते, त्यामुळे लंबकाचा झोका मंदावतो आणि तापमान २० अंशांनी वाढले, तर दिवसाला सुमारे १० सेकंदांचा, म्हणजे आठवड्याला मिनिटभराहून अधिक फरक पडतो. ग्वाल्हेरसारख्या गावात, जिथे जानेवारीत हुडहुडी भरते आणि मे महिन्यात पारा ४५ गाठतो, हे लपत नाही. तिथल्या लष्कर या भागातल्या आमच्या घरी आजोबा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लंबकाखालची चाकी जरा फिरवून गोळा केसभर वर घेत आणि दिवाळीनंतर तितकाच खाली सोडत. घड्याळजीला मात्र हे कधी सांगत नसत. याच अडचणीवर जॉर्ज ग्रॅहॅम या इंग्रज घड्याळजीने १७२० च्या दशकात पाऱ्याची नळी लंबकाला लावली, जेणेकरून दांडी खाली लांबली की नळीतला पारा वर चढावा, आणि जॉन हॅरिसन या दुसऱ्या इंग्रज घड्याळजीने त्याच दशकात पितळ व पोलादाच्या दांड्या आलटून पालटून जोडल्या.